गाद्या परत करताना

तिघी येणार म्हटल्यावर आधी गाद्या मोजल्या.
घरात दीड होती.
अर्धी म्हणजे ती, जिच्यावर मांजर वितं.

दोन पराते वहिनींकडून आणल्या, एक हेडाऊंच्या माडीवरून.
तिला डांबरगोळ्यांचा वास, कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं :
सुषमाचं लग्न, ८९.
कूलर निनावेंचा. रात्रभर जात्यासारखा दळतो,
पण हवा देतो बिचारा.
"एप्रिलात कोणी पाहुणे बोलावते काय बाई?"
म्हणत निनावे स्वतःच वाळ्याची नवी ताटी ठोकून गेले.

झरीना नांदेडहून. कुंदा चिपळूणहून.
सरोज आता कुठं राहते ते तिलाच धड सांगता येत नाही,
थोडे दिवस मुलाकडे, थोडे मुलीकडे.
मिरजेला नर्सिंगच्या हॉस्टेलात एका खोलीत चौघी होतो.
सदतीस वर्षांनी पुन्हा एका खोलीत,
खाटेखाली ट्रंकांच्या जागी
गुडघ्यांचे पट्टे.

पहिल्याच सकाळी पोहे आणायला गेले
तर गोळीबार चौकातल्या ठेल्यावर कुंदा आधीच उभी,
नाक पुसत, पुन्हा तर्री मागत,
गजूला विचारत, चणे किती वेळ भिजवतोस रे.
अकरा वर्षं मी त्याच्याकडे खाते.
त्याचं नाव गजू आहे
हे मला कुंदानं सांगितलं.

पराते वहिनींनी पाटोडीचा रस्सा पाठवला,
"वरून सांबार टाका" असा निरोप.
कुंदा डाळीचं पातेलं शोधत बसली.
इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात
हे तिला कळेपर्यंत रस्सा संपला होता.

रात्री गच्चीवर पाणी मारायचो.
फरशी चटकन पिऊन टाकायची, मग पुन्हा मारायचो.
शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारायचं,
"तुमच्याकडे बी लाइन गेली का?"
आणि दिसत नसलेल्या त्या माणसाशी
झरीना तासभर बोलायची.
सरोजनं एकदा विचारलं,
इथं एखादी खोली भाड्यानं मिळेल का गं.
आम्ही हसलो.
ती हसली नाही.
मग कुणीतरी टरबूज कापलं.

बुधवारी झरीनानं हेडाऊ आजोबांचा पाय पाहिला.
अंगठ्याची जखम महिनाभराची, वर हळद थापलेली.
ती तिथंच पायरीवर बसली, गरम पाणी मागवलं,
आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला,
जसा वॉर्डात करायची.
मी कात्री दिली.
हातानंच दिली. मला कळायच्या आत.

सगळी गल्ली बघत होती.
"तुम्ही बी नर्स होत्या?" पराते वहिनी म्हणाल्या.
"मग सांगतलं काहून नाही इतके वर्ष?"

काय सांगणार. सांगितलं की रात्री दार वाजतं.
बत्तीस वर्षं वाजलं होतं.
निवृत्त झाले तेव्हा इथं घर घेतलं ते यासाठीच
की इथं मला कुणी ओळखत नव्हतं.
पाच नंबरच्या बाई, एवढंच.

शनिवारी तिघी गेल्या.
स्टेशनवर संत्रा बर्फीच्या डब्यांवरून भांडण झालं,
कुणाला दोन, कुणाला एक.
सरोज खिडकीतून म्हणाली, खोलीचं बघून ठेव.

रविवारी गाद्या उन्हात घातल्या, झटकल्या, पोचवायला निघाले.
पराते वहिनींनी एक घेतली, एक ठेवून घ्या म्हणाल्या.
हेडाऊंच्या सूनबाईनं तर दारच अडवलं,
"राहू द्या ना सिस्टर, मैत्रिणी पुन्हा येतीन."

सिस्टर.
पाच दिवसांत नाव बदललं.
गजूसुद्धा म्हणाला. पैसे घेईना, मी ठेल्यावर ठेवून आले.

आज रात्री एक वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.
निनावेंची सून, कडेवर पोर, पोराला ताप.
कूलर अजून माझ्याकडेच होता.
लगबगीत माझा पाय सुषमाच्या गादीत अडकला.
थर्मामीटर कुठं ठेवलंय
ते मला
अंधारातही
बरोबर माहीत होतं.